वळूच्या झुंजींवरची बंदी : कुठे टिकली, कुठे कोसळली आणि का

रहाटगाडगं

कोलंबियात जुलै २०२७ पासून वळूच्या झुंजी पूर्ण बंद होणार आहेत. २८ मे २०२४ ला तिथल्या संसदेत शेवटचं मतदान झालं, ९३ विरुद्ध २. मग २२ जुलैला राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्हो पेत्रो यांनी बोगोताच्या सांतामारिया रिंगणात जाऊन सही केली. कायदा क्रमांक २३८५.

झुंजी आता आठच देशांत उरल्या आहेत: स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, इक्वाडोर आणि व्हेनेझुएला. उरुग्वेनं १९१२ मध्येच दार लावलं. प्रयत्न तर त्याहून कितीतरी जुने. पोप पायस पाचवे यांनी १ नोव्हेंबर १५६७ ला फर्मान काढून झुंजी भरवणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी दिली होती. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं दाद दिली नाही आणि १५७५ मध्ये पुढच्या पोपनी ते फर्मान सैल केलं. तेव्हा 'अजून एका देशात बंदी' ही बातमी वाचून खूश होण्याआधी ती बंदी कुणी, कोणत्या अधिकारात आणि कशावर घातली हे बघावं लागतं. स्पेनमधल्याच कॅटलोनिया प्रांताची बंदी सहा वर्षांत रद्द झाली, कॅनरी बेटांची १९९१ पासून उभी आहे. या धाग्यात त्यावरच बोलूया. झुंजी चांगल्या की वाईट हा वाद इथे नको.

ओली_सुकी

पहिलाच बाळबोध प्रश्न. वळू मारायचा नाही, भाले टोचायचे नाहीत, नुसता लाल कपडा हलवायचा, अशी झुंज ठेवली तर दोन्ही बाजूंचा प्रश्न मिटत नाही का?

खुरपं

मिटत नाही, कारण झुंजीचे तीन टप्पे एकमेकांवर उभे आहेत. आधीचा काढून घेतला की पुढचा शक्य होत नाही.

स्पेनच्या १९९६ च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या दर्जाच्या रिंगणात वळू किमान ४६० किलोचा आणि ४ ते ६ वर्षांचा लागतो. पहिल्या टप्प्यात घोड्यावरचा पिकाडोर भाला मारतो. त्याचं टोक तीन धारांचं, धार २९ मिलिमीटर, मागे दोरी गुंडाळलेला अडसर आणि त्याच्याही मागे आडवी पट्टी, म्हणजे भाला त्यापुढे घुसू नये. जागा ठरलेली: मानेवरचा स्नायूंचा उंचवटा. तिथले स्नायू थकले की वळू डोकं खाली ठेवतो. प्रत्यक्षात भाला बऱ्याचदा त्याच्या मागे, पाठीच्या दिशेला बसतो, आणि तिथे कण्याच्या आणि बरगड्यांच्या जवळ जखम होते. भाला गिरमिटासारखा फिरवणं किंवा घोड्यानं वळूची वाट अडवून ठेवणं नियमात निषिद्ध आहे. प्रेक्षक त्यावर शिट्ट्या मारतात, म्हणजे ते घडतं.

दुसऱ्या टप्प्यात बांदेरिया, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या काठीला ६ सेंटिमीटरचं गळासारखं लोखंडी टोक. त्यांच्या जोड्या खांद्यांपाशी रोवतात. तिसऱ्यात माटाडोर, म्हणजे वळू मारणारा मुख्य झुंजार, एकटा, हातात कापड आणि जास्तीत जास्त ८८ सेंटिमीटरची तलवार. त्याच्या घड्याळात पहिला इशारा १० मिनिटांना, दुसरा १३ ला, तिसरा १५ ला. तिसऱ्यानंतरही वळू उभा असला तर त्याला आत नेतात. तलवार खांद्याच्या पात्यांमधून शिरून मोठ्या रक्तवाहिन्या तोडेल अशी अपेक्षा असते. हाडाला लागली की उसळून बाहेर येते, फुप्फुसात गेली की नाकातोंडातून रक्त येतं. मग मानेत दुसरी तलवार, आणि वळू खाली बसल्यावर मज्जारज्जू तोडणारी छोटी कट्यार. आक्षेप घेणाऱ्या स्पॅनिश पशुवैद्यांचा मुख्य मुद्दा या कट्यारीचा आहे: तिनं जनावर लुळं पडतं, पण शुद्ध जातेच असं नाही. युरोपीय संघात कत्तलखान्यात जनावराला आधी बेशुद्ध करणं सक्तीचं आहे (नियमन १०९९/२००९), पण सांस्कृतिक आणि क्रीडा कार्यक्रम त्यातून पहिल्याच कलमात वगळलेत.

आता तुमचा प्रश्न. भाला काढला तर वळू डोकं उंच ठेवून येतो आणि शिंगं माणसाच्या छातीच्या उंचीला असतात. म्हणून रक्तहीन प्रकारांत शिंगांवर आवरण चढवावं लागतं. त्यापुढची अडचण मोठी. हा वळू रिंगणात येईपर्यंत पायी माणसाच्या समोर गेलेला चालत नाही. कपड्यामागे माणूस आहे हे तो वीसएक मिनिटांत शिकतो, आणि दुसऱ्यांदा आला तर कपडा सोडून माणसावर जातो. त्यामुळे एकदा वापरलेला वळू पुन्हा वापरता येत नाही. झुंजीत चमकल्यामुळे जीवदान मिळालेला एखादाच पैदाशीला परत जातो. बाकीच्यांचं पुढे काय, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं नाही तर उत्तर ठरलेलं आहे: कत्तलखाना.

दर्यावर्दी

पोर्तुगाल हेच दाखवतो. रिंगणात वळू मारायला तिथे १९२८ पासून बंदी आहे, त्यामुळे 'पोर्तुगीज झुंज सौम्य' असा समज पसरलेला. शिंगांवर चामड्याचं आवरण असतं हे खरं. पण घोडेस्वार टोकदार बांदेरिया रोवतोच, मग फोर्काडो म्हणवणारी आठ माणसं पायी उतरून, हात रिकामे ठेवून वळूला अडवतात, आणि नंतर ती टोकं मागच्या गोठ्यात कापून काढतात. मारणं कत्तलखान्यात, प्रेक्षकांच्या नजरेआड. शनिवारी रात्री झुंज असेल तर कत्तलखाना उघडेपर्यंत जनावर जखमांसह उभं. आणि जिथे लोक हटले नाहीत त्या बारांकोस गावासाठी २००२ मध्ये कायद्यात अपवाद करून रिंगणातलं मारणंही अधिकृत केलं.

खरोखरची रक्तहीन पद्धत कॅलिफोर्नियात आहे. १९५७ पासून झुंजीला बंदी, फक्त धार्मिक उत्सवांत रक्तहीन प्रकाराला मुभा. तिथले पोर्तुगीज वंशाचे लोक वळूच्या पाठीवर वेल्क्रोची गादी बांधतात आणि वेल्क्रोच्या टोकाच्या काठ्या तिला चिकटवतात.

ओली_सुकी

वेल्क्रो! हे माहीत नव्हतं. 'कत्तलखाना उघडेपर्यंत' हे वाचून मात्र सौम्य शब्दाचा अर्थ लागला.

कलम_पोटकलम

कॅटलोनियाबद्दल नीट लिहितो, कारण त्यातून पुढच्या सगळ्या चळवळी शिकल्या.

सुरुवात 'प्रोऊ' या मंचानं केली. लोकांनीच विधेयक मांडायची तरतूद तिथे आहे. त्यासाठी ५०,००० सह्या लागत होत्या, यांनी १ लाख ८० हजारांवर जमवल्या. २८ जुलै २०१० ला प्रादेशिक संसदेत ६८ विरुद्ध ५५ नं ते मंजूर झालं, ९ तटस्थ. बंदी १ जानेवारी २०१२ पासून, शेवटची झुंज बार्सिलोनाच्या मोन्युमेंटाल रिंगणात २५ सप्टेंबर २०११ ला. मधे दीड वर्ष ठेवलं ते झालेल्या करारांची भरपाई अंगावर येऊ नये म्हणून.

विरोधकांनी तीच वाट चोखाळली. कॅटलोनियातल्याच झुंजप्रेमी संघटनांनी राष्ट्रीय पातळीवर लोकविधेयक आणलं, जवळपास ५ लाख ९० हजार सह्या जमवल्या, आणि त्यातून २०१३ चा कायदा क्रमांक १८ झाला. झुंज हा साऱ्या स्पेनचा सांस्कृतिक वारसा, तो जपणं सरकारचं कर्तव्य. घटनात्मक न्यायालयात कॅटलान बंदीविरुद्धचा अर्ज २०१० पासून पडून होता. निकाल आला २० ऑक्टोबर २०१६ ला, आणि न्यायालयानं बंदी तपासली ती नंतर आलेल्या २०१३ च्या कायद्याच्या उजेडात. प्राणिसंरक्षण आणि सार्वजनिक करमणूक हे प्रांताचे विषय आहेत, नियम कडक करायला प्रांत मोकळा आहे, पण देशानं वारसा म्हटलेली गोष्ट तो समूळ बंद करू शकत नाही, असा निकाल.

स्पेनच्याच बालेआरिक बेटांनी 'नियम कडक करा' हे शब्दशः घेतलं. २०१७ चा त्यांचा कायदा असा: जास्तीत जास्त तीन वळू, प्रत्येकी दहा मिनिटं, फक्त कापड, भाला-बांदेरिया-तलवार काही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयानं मुख्य कलमं उडवली, कारण एवढं काढल्यावर झुंज ओळखू येण्याजोगी उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या राजधानीत, पाल्मात, झुंजी परतल्या.

मग कॅनरीची बंदी का टिकली? १९९१ च्या त्यांच्या कायद्यात वळूचं नावच नाही. प्राण्यांना छळ होईल अशा झुंजी, उत्सव, खेळ यांना सरसकट मनाई आहे. तिथे वळूच्या झुंजी तोवर जवळपास थांबल्याच होत्या, त्यामुळे कुणी न्यायालयात गेलं नाही, आणि कायदा घटनाबाह्य ठरवून घेण्याची स्पेनमधली मुदत तीन महिन्यांचीच. गंमत म्हणजे याच कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजी, जिथे परंपरा आहे तिथे, चालू ठेवल्या. तत्त्वनिष्ठेपेक्षा व्यवहार बघूनच मसुदा लिहिला गेला.

आकडेमोड्या

वरचं सगळं मान्य, पण कायद्याला फार श्रेय देताय. २०१६ च्या निकालानंतर कॅटलोनियात झुंजी भरवायला कायद्यानं आडकाठी नाही, तरी एकही झाली नाही. मोन्युमेंटाल उभं आहे. दुसरं रिंगण, लास आरेनास, २०११ पासून मॉल आहे. कायदा रद्द झाल्यावरही झुंज परतली नाही, कारण गिऱ्हाईक आधीच गेलं होतं.

देशभर तेच. स्पेनच्या संस्कृती मंत्रालयाच्या नोंदींत रिंगणातले कार्यक्रम २००७ मध्ये ३,६५१ होते, २०१९ मध्ये १,४२५. सांस्कृतिक सवयींच्या २०२१-२२ च्या पाहणीत वर्षभरात झुंजीला गेलेले लोक १.९ टक्के. ही घसरण भावना बदलल्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. २००८ च्या मंदीत नगरपालिकांचे पैसे आटले. एका पूर्ण कार्यक्रमाला सहा वळू आणि वर राखीव, तीन माटाडोर, प्रत्येकाबरोबर दोन पिकाडोर आणि तीन बांदेरियावाले लागतात. छोट्या गावाचा हा खर्च तिकिटांतून निघत नाही. अनुदान थांबलं की जत्रेतली झुंज थांबते.

कलम_पोटकलम

तुमचे आकडे रिंगणातल्या कार्यक्रमांचे आहेत. गावोगाव रस्त्यांवर वळू सोडतात, शिंगांना पेटते गोळे बांधतात, ते कार्यक्रम कित्येक पटींनी जास्त आहेत आणि ते घटलेले नाहीत. कॅटलान संसदेनं झुंजबंदी केली त्याच वर्षी या रस्त्यावरच्या प्रकाराला, कोर्रेबोउसना, वेगळ्या कायद्यानं संरक्षण दिलं. एब्रो नदीच्या मुखाकडची मतं दुखवायची नव्हती. प्राणिप्रेम तिथे मतदारसंघ बघून संपलं.

अनुदानाचं म्हणाल तर तो नगरपालिकेचा निर्णय, आणि नगरपालिका चार वर्षांनी बदलते. उत्तर स्पेनमधल्या गिखोन शहराचं एल बिबिओ रिंगण पालिकेच्या मालकीचं. २०२१ मध्ये दोन वळूंची नावं 'फेमिनिस्ता' (स्त्रीवादी) आणि 'निखेरियानो' (नायजेरियन) होती, त्यावरून गदारोळ झाला. कंत्राट संपतच आलं होतं, महापौरांनी ते वाढवलं नाही. झुंजी बंद. २०२३ मध्ये सत्ता बदलली, त्याच ऑगस्टमध्ये झुंजी परत. कंत्राट न वाढवणं हा सर्वांत सोपा उपाय खरा, पण उलटवायलाही तेवढाच सोपा. रिंगण खाजगी असेल तर तो उपायच नाही. पाल्मानं २०१५ मध्ये स्वतःला झुंजविरोधी शहर जाहीर केलं, रिंगण खाजगी, परिणाम शून्य.

शिवारसाळुंकी

पैशाचा विषय निघालाच आहे तर युरोपीय अनुदानाबद्दलचा गैरसमज आधी दूर करते. 'ब्रसेल्स झुंजींना पैसे देतं' अशा घोषणा चळवळीनं खूप वापरल्या. झुंजीच्या नावाचं अनुदान कुठल्याच यादीत नाही. सामाईक कृषी धोरणाखाली पैसे मुख्यतः जमिनीच्या हेक्टरांवर मिळतात, शिवाय काही देशांत वासरं पाजणाऱ्या गायींवर. झुंजीचे वळू पाळणाऱ्याकडे ओकच्या झाडांची मोठी कुरणं आणि शेकडो गायी असतात, म्हणून तो पात्र ठरतो. पुढे वासरू रिंगणात गेलं की खाटकाकडे, हे अर्जात विचारतच नाहीत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपीय संसदेनं ४३८ मतांनी ठरवलं की हा पैसा झुंजीच्या वळूंसाठी वापरू नये. अंमल झाला नाही. अर्थसंकल्पावरची सूचना मूळ कृषी नियमावली बदलू शकत नाही, आणि हेक्टरी पैशातून 'झुंजीचा हिस्सा' वेगळा काढायचा कसा हे कुणी लिहून दिलं नव्हतं. शिवाय संघाच्या मूळ करारातलं १३ वं कलम प्राण्यांना संवेदनशील जीव म्हणतं आणि त्याच वाक्यात धार्मिक विधी, सांस्कृतिक परंपरा, प्रादेशिक वारसा यांचा मान राखायला सांगतं. वकील दोन्ही बाजूंनी तेच कलम वाचून दाखवतात.

पाळणाऱ्यांचा प्रतिवाद असा की झुंजी गेल्या की कुरणं जातील. त्यात अर्धसत्य आहे. त्याच कुरणांवर इबेरियन डुकरं, मेंढ्या आणि मांसाची गुरंही चरतात. धोका आहे तो या विशिष्ट जातीला.

तिठा

मग आपल्याकडचं काय? बैलगाडा शर्यत, जल्लिकट्टू, गोव्याची धिर्यो. तिकडच्या चळवळीला नावं ठेवण्याआधी इकडे बघायला नको?

रहाटगाडगं

नावं कुणीच ठेवत नाहीये. तुलना करताना गल्लत मात्र नको. धिर्योत बैल बैलाशी भिडतो, माणूस शस्त्र घेऊन उतरत नाही. उच्च न्यायालयानं १९९६ च्या अखेरीस ती बंद केली, तरी चोरून होते. बैलगाडा शर्यतीत झुंजच नाही.

जोड आहे ती न्यायालयांच्या युक्तिवादात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या, संस्कृतीचा दावा फेटाळून. मग तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं २०१७ मध्ये केंद्राच्या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्या कायम ठेवल्या: एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे का हे विधिमंडळानं ठरवावं, न्यायालयानं नाही. फ्रान्सच्या घटना परिषदेनं सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेनं झुंजींना दिलेला अपवाद असाच उचलून धरला. पेरूत झुंजींना सूट देणाऱ्या कायद्याविरुद्धचा पाच हजारांवर नागरिकांचा अर्ज फेब्रुवारी २०२० मध्ये फेटाळला गेला. तिथे कायदा घटनाबाह्य ठरवायला सातपैकी पाच मतं लागतात, ती जुळली नाहीत. म्हणून चळवळीचा जोर आता खटल्यांपेक्षा सह्या आणि विधेयकांवर आहे. बैलगाड्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

गुलबक्षी

फ्रान्सचं थोडं जास्त. दंडसंहितेचं कलम ५२१-१ प्राण्यांवरच्या क्रूरतेला तीन वर्षं कैद आणि ४५,००० युरो दंड सांगतं, आणि पुढे म्हणतं की जिथे अखंड स्थानिक परंपरा आहे तिथल्या झुंजींना हे लागू नाही. म्हणजे दक्षिणेतल्या नीम शहरात जे चालतं त्यासाठी पॅरिसमध्ये तुरुंग. 'स्थानिक' म्हणजे गाव की अख्खा दक्षिण पट्टा यावर खटले झाले आणि न्यायालयांनी बऱ्यापैकी ऐसपैस अर्थ लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये खासदार एमेरिक कारों यांचं विधेयक सभागृहात आलं. त्यांच्या पक्षाला विधेयकांसाठी मिळालेला तो एकच दिवस होता, आणि समोरच्यांनी पाचशेवर दुरुस्त्या टाकून तो खाऊन टाकला. विधेयक मागे घ्यावं लागलं.

दुसरी वाट मुलांची, आणि माझ्या मते सर्वांत हुशारीची. बालहक्क करारावर सही केलेल्या प्रत्येक देशाला ठरावीक काळानं संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे अहवाल द्यावा लागतो. त्याच वेळी स्वयंसेवी संस्था पर्यायी अहवाल देऊ शकतात. स्वित्झर्लंडच्या फ्रांझ वेबर प्रतिष्ठाननं हेच धरलं. २०१४ मध्ये समितीनं पोर्तुगालला पहिल्यांदा सुनावलं, पुढे कोलंबिया, मेक्सिको, पेरू, फ्रान्स. २०१८ मध्ये स्पेनला, की १८ वर्षांखालच्यांना ना प्रेक्षक म्हणून घ्या ना शिकाऊ माटाडोर म्हणून. या शिफारशी बंधनकारक नाहीत. पण त्यात संस्कृतीचा वाद टळतो, आणि लहानपणी शिकलेलेच माटाडोर होत असल्यामुळे नव्या भरतीवर घाव बसतो.

खुरपं

मेक्सिको राहिलं. सोनोरा राज्यानं २०१३ मध्ये बंदी घातली, मग गेरेरो, कोआउइला, किंताना रो, सिनालोआ. राजधानीतलं प्लाझा मेक्सिको जगातलं सर्वांत मोठं रिंगण, ४१,००० च्या आसपास आसनं. जून २०२२ मध्ये एका न्यायाधीशानं तिथल्या झुंजी थांबवल्या, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती उठवली, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू. मग १८ मार्च २०२५ ला शहराच्या विधिमंडळानं ६१ विरुद्ध १ नं 'हिंसामुक्त झुंज' मंजूर केली. भाला, बांदेरिया, तलवार बाद, शिंगांना आवरण, वळू मारायचा नाही. म्हणजे बालेआरिकचाच साचा. तिकडे तो न्यायालयात पडला. झुंजवाले म्हणतात की हे चालवणं परवडणार नाही, आणि विरोधकांनाही नेमकं तेच हवं होतं असा माझा कयास.

इक्वाडोरच्या राजधानीत, क्विटोत, हे आधीच दिसलं होतं. मे २०११ च्या सार्वमतात प्रश्न देशभर एकच, पण निकाल तालुक्यापुरता बंधनकारक. क्विटोनं वळू मारण्याविरुद्ध कौल दिला. त्या डिसेंबरची जत्रा रिंगणात न मारता भरली, २०१२ ची आयोजकांनीच रद्द केली.

ओली_सुकी

मग कोलंबियाचा कायदा यातल्या कुठल्या चुका टाळतो?

कलम_पोटकलम

एक, तो राष्ट्रीय संसदेचा आहे, त्यामुळे अधिकाराचा वाद नाही. बोगोतानं हे भोगलं होतं: महापौर असताना पेत्रोंनी २०१२ मध्ये सांतामारिया बंद केलं, आणि न्यायालयाच्या आदेशानं ते २०१७ मध्ये उघडावं लागलं. दोन, प्रकार नावानिशी लिहिलेत: मोठी झुंज, घोड्यावरची, तरुण वळूंची, वासरांची, अगदी कुरणावरची गायींची चाचणीसुद्धा. तीन, तीन वर्षांची मुदत, आणि त्यात ज्यांचं पोट यावर आहे हे सिद्ध होईल त्यांच्यासाठी पर्यायी कामाची योजना, रिंगणांचं खेळ आणि संस्कृतीच्या जागांत रूपांतर. तिसऱ्याच गोष्टीला पैसा लागतो आणि तिथेच गाडं अडेल असं दिसतं.

एक भोक मात्र ठेवलं होतं. कोर्रालेखा, म्हणजे लाकडी माच्यांच्या रिंगणात गर्दीतून वळू सोडतात तो किनारपट्टीचा प्रकार, सुटला होता. माणसं सर्वांत जास्त त्यातच मरतात. सिन्सेलेखोत जानेवारी १९८० मध्ये माच्या कोसळून शेकडो गेले, एस्पिनालमध्ये जून २०२२ ला माच्या पुन्हा कोसळल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयानं कायदा उचलून धरला आणि कोर्रालेखा व कोंबड्यांच्या झुंजीही त्यात ओढल्या, त्यांना वेगळी तीन वर्षं देऊन. गावोगावचे कोंबडेवाले झुंजवाल्यांपेक्षा संख्येनं कितीतरी जास्त आहेत, तेव्हा पुढचा राजकीय दबाव तिकडून येईल.

आकडेमोड्या

आणि स्पेनचं लोकविधेयक? २०१३ चा कायदा रद्द करा म्हणणारं.

कलम_पोटकलम

पाच लाख सह्या लागतात, नऊ महिन्यांत, वर फार तर तीन महिने. त्यांनी साडेसहा लाखांवर आणल्या. पण सह्या पुरल्या तरी संसदेत आधी मतदान होतं ते विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच ते पडलं, समाजवादी पक्ष तटस्थ राहिल्यामुळे. कायदा रद्द झाला असता तरी झुंजबंदी झाली नसती. प्रांतांना बंदी घालण्याची मोकळीक मिळाली असती, इतकंच. त्याच आशयाचं दुसरं लोकविधेयक त्याच संसदेच्या मुदतीत स्वीकारत नाहीत. तेव्हा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर सह्या पुन्हा पहिलीपासून.